त्या दिवशी गुरुजी कुठे होते

आमच्या चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर एक खोली आहे. पूर्वी तिथे गुळाच्या ढेपा आणि रिकामे खोके असायचे. गोदाम दुसरीकडे हलवल्यावर ती मोकळी झाली. मग मी भिंतीवर मोठा टीव्ही लावून घेतला, खाली सतरंजी घातली, आणि दर बुधवारी दुपारी आम्ही चौघं तिथे जुने सिनेमे बघायला लागलो. शनिवार-रविवार आम्हा लोणावळ्याच्या दुकानदारांना मान वर करायला फुरसत नसते. बुधवारी दुपारी मात्र गल्ल्यावर बसून जांभया येतात. माझे यजमान म्हणतात, "तू जा वर, मी आहे खाली."

आम्ही चौघं म्हणजे मी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड, दातांची डॉक्टर असलेली माझी शाळेतली मैत्रीण, आणि सर. सर आमच्यात सगळ्यांत मोठे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात. सिनेमा कसाही असो, सर शेवटपर्यंत ताठ बसून बघायचे आणि संपल्यावर त्यावर मोजकं, नेमकं बोलायचे. ते बोलले की चर्चा संपली असं आम्ही धरून चालायचो.

सिनेमा मी निवडायची. सुरू करायच्या आधी इंटरनेटवर लोकांनी त्याबद्दल काय काय लिहिलंय ते मी सगळ्यांना वाचून दाखवायची. मला त्याचा नादच होता. एकाच सिनेमाला एक जण डोक्यावर घेतो, दुसरा पायदळी तुडवतो, आणि दोघांनी तोच सिनेमा बघितलेला असतो, याची मला फार गंमत वाटायची.

गेल्या हिवाळ्यात मी एक काउबॉयपट लावला. इटलीतल्या लोकांनी काढलेला, मेक्सिकोतल्या क्रांतीवरचा. त्याच्यावर लोकांनी भरभरून लिहिलं होतं. कुणाला तो लांबलचक आणि रटाळ वाटला होता. कुणी पाच-सहा वेळा बघून दरवेळी रडलं होतं. एक जण चिडला होता, की क्रांती वगैरे सगळं तोंडी लावायला आहे, खरा जीव घोड्यांत आणि टोप्यांत आहे. आणखी एकानं उलटंच म्हटलं होतं, की घोडे आणि टोप्या दाखवून या लोकांनी राजकारण गळी उतरवलंय. मी ते सगळं रंगवून वाचलं. सर मंद हसत ऐकत होते.

गोष्ट साधी होती. एक अडाणी दरोडेखोर आणि त्याचे धाकटे भाऊ. त्यांना एक शिकलेला परदेशी माणूस भेटतो. तो त्यांना लुटालुटीतून बाहेर काढून क्रांतीत ओढतो. गोड बोलतो, नकाशे दाखवतो. एक पूल राखायचं काम भावांवर येतं. परदेशी त्यांना सांगतो, काही झालं तरी पूल सोडायचा नाही. भाऊ पूल सोडत नाहीत आणि मारले जातात. परदेशी त्या वेळी शहरात सेनापतीच्या घरी जेवत असतो. तिथून पुढे दरोडेखोर मोठा नेता होतो, लोक त्याच्या नावानं घोषणा देतात, आणि त्याला त्याचं काहीच नको असतं.

सिनेमा संपल्यावर नेहमीसारखी मतं सुरू झाली. गार्डकाकांना आगगाडी लुटण्याचा प्रसंग आवडला होता, तो त्यांनी परत लावायला लावला. माझी डॉक्टर मैत्रीण म्हणाली, "एवढे जवळून चेहरे दाखवतात, मला नुसते दात दिसत होते. एकाचाही जबडा धड नाही." आम्ही हसलो. मी म्हटलं, मला संगीत आवडलं, आणि पुलाचा प्रसंग.

"सर, तुम्हाला?" गार्डकाकांनी विचारलं.

सरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला होता. चहावर साय धरली होती. ते म्हणाले, "मला जरा घाई आहे आज," आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यापाशी उभं राहून त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली.

तरुणपणी सर मावळात एका खेड्यातल्या शाळेवर होते, बेडशाच्या बाजूला. शाळेच्या वर डोंगराच्या कुशीत ठाकरांची वाडी होती. वाडीच्या जरा वर दगडाची खाण सुरू झाली. सुरुंग लागला की दगड येऊन घरांच्या कौलांवर पडायचे. झऱ्याचं पाणी गढूळ झालं, मग आटलं. सर वाडीवर जायला लागले, अर्ज लिहून द्यायला लागले, माणसं गोळा करून बोलायला लागले. वाडीनं त्यांना गुरुजी म्हणत डोक्यावर घेतलं. अर्जांनी काही होईना, तेव्हा सरांनी सांगितलं, की आपण सगळे खाणीत जाऊन बसू. माणसं बसलेली दिसली तर ते सुरुंग लावणार नाहीत. कोणी काही म्हणालं तरी उठायचं नाही.

ठरलेल्या दिवशी माणसं जाऊन बसली. मुकादमानं आरडाओरडा केला तसे बरेच जण उठले. एक तरुण गडी उठला नाही. गुरुजींनी उठू नका म्हणून सांगितलंय, एवढंच तो म्हणत राहिला. पलीकडच्या अंगाला सुरुंग आधीच भरलेला होता. तो उडाला आणि एक दगड त्याच्या पायावर आला. गुडघ्याखालचा पाय कायमचा गेल्यातच जमा झाला. त्या प्रकारानं बोभाटा झाला आणि काही महिन्यांनी खाण बंद पडली. तालुक्याच्या गावी सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्हाला काही लागलं नाही?"

"मी नव्हतो तिथे. मी त्या दिवशी पुण्याला गेलो होतो."

"कशाला?"

"काम होतं," सर म्हणाले आणि बरणीतल्या चिक्कीकडे बघायला लागले.

तेवढ्यावरून मला कळलं की यात आणखी काहीतरी आहे. मी तिथेच थांबायला हवं होतं.

तो पाय गेलेला गडी, म्हणजे आता म्हातारे झालेले आबा, मला माहीत होते. ते आणि त्यांची बायको मळवलीला एका बंगल्याची राखण करतात. मालक मुंबईचे. आबा गेटवर बसतात, झाडांना पाणी घालतात. मावशी झाडलोट आणि पाहुण्यांचा स्वयंपाक बघतात. सर दर महिन्याला त्यांच्याकडे जायचे, बरोबर पेपरचा गठ्ठा आणि आमच्याकडची शेंगदाण्याची चिक्की घेऊन. दोन-तीन वेळा मीही गेले होते. आबा पेपर वाचत नाहीत, पण सरांनी वाचलेलं त्यांना ऐकायचं असतं. दोघं पायरीवर बसायचे. मावशी सरांना उठून पाट द्यायच्या. घरच्या मोठ्या दिराला द्यावा तसा मान असायचा.

मी सरांना म्हटलं, "आपण आबांनाच हा सिनेमा दाखवू या. बंगल्यात मोठा टीव्ही आहे. पाहुणे नसतील तेव्हा लावू."

"नको," सर म्हणाले. "त्यांना काय कळणार त्या इंग्रजीतलं."

"मी सांगेन ना मराठीत."

"नको, खरंच नको."

मी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा विषय काढला. तुम्हाला बरं वाटेल, मनात असेल ते बोलता येईल, असं काहीबाही म्हणत राहिले. खरं सांगायचं तर सरांना बरं वाटावं ही माझी पहिली इच्छा नव्हती. त्यांचा तो न पिता ठेवलेला चहा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पडद्यावर बघितलेल्या प्रसंगाची खरी माणसं माझ्या ओळखीची निघाली होती, आणि ती समोरासमोर आली की काय होतं ते मला बघायचं होतं. तेव्हा मी हे स्वतःशीही कबूल केलं नसतं.

शेवटी सर हो म्हणाले.

आम्ही मळवलीला गेलो तेव्हा बंगला रिकामा होता. मावशींनी मालकांना फोनवर विचारून घेतलं होतं. आबा खुश होते. ते सोफ्यावर बसायला तयार होईनात, खाली भिंतीला टेकून पाय लांब करून बसले. सर त्यांच्या शेजारी. मावशी स्वयंपाकघराच्या दारात सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या. मी टीव्हीजवळ बसून गोष्ट मराठीत सांगायला लागले.

"ताई, हा मुलूख कुटला?" आबांनी विचारलं.

"मेक्सिको. अमेरिकेच्या खाली आहे."

"आन् एवढ्या उन्हात ह्ये कोट घालून कसं हिंडत्यात?"

"सिनेमा हाय त्यो," मावशी दारातून म्हणाल्या.

"त्ये खरं. पन घोडा सिनेमातला न्हाई. घोडा खरा हाय. बघ कसा दमलाय."

आबांना सगळं आवडत होतं. दरोडेखोर गबाळा होता, त्याला ते हसत होते. परदेशी माणूस आला तेव्हा म्हणाले, "ह्यो हुशार दिसतोय." मलाही रंग चढला. मी वेगवेगळे आवाज काढून संवाद सांगायला लागले. दुकानात दिवसभर तेच तेच बोलणाऱ्या बाईला हे असलं काही करायला मिळालं की काय होतं, ते मी बघत होते. मला मजा येत होती.

मग पुलाचा प्रसंग आला. माझा आवाज आपोआप खाली गेला. "भाऊ पुलावर उभे आहेत. पलीकडून सैन्य येतंय. बाकीचे म्हणतात, चला पळू. हे म्हणतात, आम्हाला सांगितलंय, पूल सोडायचा नाही."

आबांचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. नेहमीच जातो, बसल्यावर पाय दुखतो म्हणून. मावशींचा लसूण सोलणारा हात मात्र थांबला.

"आन् त्यो शिकलेला कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर मेजवानी चालू झाली होती. मेणबत्त्या, काचेचे पेले. मी काहीही सांगू शकले असते. आबा-मावशींना भाषा कळत नव्हती. तो मदत आणायला गेलाय, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तो शहरात आहे," मी म्हटलं. "सेनापतीच्या घरी जेवतोय."

हे सांगताना मी पडद्याकडे बघत नव्हते. मी सरांकडे बघत होते.

"बंद करा," सर म्हणाले.

मी बंद केलं. आबा म्हणाले, "का वो गुरुजी? आता तर रंगात आलंय."

सरांनी आबांकडे न बघता सांगितलं, "आबा, खाणीत बसलात त्या दिवशी मी पेपरवाल्यांना भेटायला गेलो नव्हतो. तुम्हाला तसं सांगून गेलो, पण ते खोटं होतं. मी मुलगी बघायला गेलो होतो. आईनं ठरवलं होतं. पुढे ढकलता आलं असतं. मी ढकललं नाही."

बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. त्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

आबांनी बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. मग विचारलं, "मंग, पसंत पडली का?"

"हो," सर म्हणाले.

"आपल्या बाईच का त्या?"

"त्याच."

"बाई चांगल्या हुत्या," आबा म्हणाले. "मी दवाखान्यात हुतो तवा लग्नाचं लाडू घेऊन आलत्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लावा ताई फुडं."

मी सिनेमा परत लावला. दुसरं काय करायचं ते कळेना. मावशी सूप उचलून आत गेल्या त्या परत दारात आल्या नाहीत. मी गोष्ट सांगत राहिले, पण आता वेगवेगळे आवाज निघत नव्हते. सिनेमा संपल्यावर आबांनी मत दिलं, "झ्याक हाय. पन शेवट न्हाई पटला मला. एवढी मानसं मेली, आन् ह्यो दरोडेखोर नुसता बघत उभा राह्यला. त्यानं घोडा घराकडं वळिवला का न्हाई, त्येबी सांगितलं न्हाई."

आम्ही निघालो तेव्हा मावशी मागच्या नळापाशी भांडी घासत होत्या. त्यांनी सरांना हाक मारली. मी दोन पावलं मागे थांबले, पण ऐकू येत होतं. आबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्या बोलत होत्या.

"गुरुजी, त्या टायमाला वाडीत सगळी म्हनायची, गुरुजी भिऊन पळालं. माजी थोरली जाऊ तर भर पानवठ्यावर म्हनली, तुज्या गुरुजीनं तुज्या नवऱ्याला बसिवला आन् सोता पळाला. मी भांडले तिच्याशी. म्हनलं, गुरुजी आमच्यासाठीच गेलते पुन्याला. लय वाईट बोलले मी तिला. तवापासून आमचं येनं-जानं न्हाई. तिच्या लेकीच्या लग्नाला मी गेले न्हाई. तिचा नवरा वारला, तवा ह्ये गेले, मी न्हाई गेले. तुमच्यापायी न्हाई गेले."

सर म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं."

"त्ये तवा म्हनायचं. आता म्हनून काय?" त्यांनी राख लावलेला हात नळाखाली धरला. "माज्या धन्याचा पाय गेला त्येचं मी तुमाला कदी म्हनले न्हाई. त्ये नशीब. पन ह्ये तुमी माज्याकडनं खोटं बोलवलं. इतकी वर्सं बोलवलं. आता तुमी हितं येऊ नका."

लोणावळ्यात आपल्या घरापाशी गाडीतून उतरताना सरांनी मला विचारलं, "तुम्ही मला इतका आग्रह का केलात?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल." ते मान हलवून आत गेले.

बुधवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. गार्डकाकांनी विचारलं, मी म्हटलं सर्दी झालीय. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, फोन करते, तर मी तिला करू दिला नाही. माझं सिनेमात लक्ष लागेना. कुणी पडद्यावर रडलं की मला वाटायचं, हे कुणाचं तरी खरं असेल आणि मी सतरंजीवर बसून बघतेय.

मग एक दिवस दुकानात आबांचा फोन आला.

"ताई, गुरुजी रुसलं का?"

"नाही हो आबा. तब्येत जरा बरी नाही त्यांची."

"मी म्हनलं, रुसलं. मुलगी बघायला गेल्याचं मला वाईट वाटलं असं त्यांना वाटलं आसंल. मला न्हाई वाटलं. वाटलं थोडं. पन आता काय त्याचं? तुमी सांगा त्यांना, पेपर साचलं आसतील."

मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. माझे यजमान वजनकाट्यापाशी उभे होते. "कोण बरं नाही?" त्यांनी विचारलं. मी त्यांनाही काहीतरी ठोकून दिलं. सरांचं एक खोटं बाहेर काढायला गेले आणि आता मीच चहूकडे खोटं बोलत फिरत होते.

दोन दिवसांनी मी एकटी मळवलीला गेले. गेटवर आबा नव्हते, औषधं आणायला नाक्यावर गेले होते. मावशी बागेत पडलेली पानं गोळा करत होत्या. मी त्यांच्याबरोबर पानं उचलायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "सर नको म्हणत होते. मीच त्यांना घेऊन आले."

"तुमची कशी? तुमी तर सिनेमा लावला."

"मला अंदाज आला होता. त्यांच्या मनात काहीतरी आहे हे मला कळलं होतं. तरी मी आणलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता मलाही येऊ नका म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला रातीला झोप येत न्हाई, ताई. जाऊ खरी हुती. मी खोटी. आता मी काय करू? जाऊन तिला म्हनू, बाई तू खरी हुतीस? माजं तोंड हुनार न्हाई. ज्यांनी केलं त्यांनी म्हनावं. तिच्यासमोर. मी बाजूला उभी ऱ्हाते."

"सरांना सांगू मी असं?"

"सांगा. येतील का?"

"येतील," मी म्हटलं, पण मला खात्री नव्हती.

मी तडक सरांकडे गेले. ते ओसरीवर बसले होते, शेजारी पेपरचा गठ्ठा बांधून ठेवलेला. मी मावशींचा निरोप सांगितला. त्यांनी फक्त विचारलं, "कधी?"

वाडीपर्यंत आता अर्ध्या वाटेनं गाडी जाते. तिथून पुढे चढ आहे. सरांचे गुडघे दुखतात, ते थांबत थांबत चढले. मावशी पुढे होत्या, डोक्यावर पदर घेऊन, मागे न बघता. आबांना आणलं नव्हतं, चढ त्यांना जमत नाही. वाटेत डावीकडे जुनी खाण लागली. तिच्यात पाणी साचून तळं झालंय आणि काठावर करवंदीची जाळी माजलीय. सर तिथे थांबले नाहीत. मान वळवूनही त्यांनी बघितलं नाही.

थोरली जाऊ घरापुढे उन्हात बसली होती, सुपात नाचणी निवडत. डोळ्यांनी कमी दिसतं तिला. मावशी समोर जाऊन उभ्या राहिल्या तरी तिला कळलं नाही. सुनेनं कानाशी वाकून सांगितलं, तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

आजूबाजूच्या दोन-चार घरांतली माणसं दारात आली. सरांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मला वाटलं ते भाषणासारखं बोलतील, ते बोलतात तसे. पण ते अगदी साधं बोलले. "मी शाळेवरचा गुरुजी. खाणीत दगड उडाला त्या दिवशी मी पेपरवाल्यांकडे गेलो नव्हतो, स्वतःच्या लग्नाची मुलगी बघायला गेलो होतो. तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. यांना ते माहीत नव्हतं. या माझ्यासाठी तुमच्याशी भांडल्या."

म्हातारीनं कपाळावर हात धरून त्यांच्याकडे बघायचा प्रयत्न केला. "कोन गुरुजी?" तिनं सुनेला विचारलं. सुनेनं परत सांगितलं.

"व्हय व्हय. गुरुजी," ती म्हणाली. "मी काय म्हनत हुते?"

"की मी पळून गेलो."

"मी असं म्हनले हुते?" तिनं बराच वेळ आठवून बघितलं. "मला न्हाई बा आठवत."

मावशी पुढे झाल्या. "पानवठ्यावर म्हनली न्हाईस? आन् मी तुला नको नको त्ये बोलले न्हाई?"

"भांडलो आसू. जावा-जावा भांडत्यातच की." म्हातारीनं हात पुढे करून मावशींचा पदर चाचपला. "म्हनून तू येत नव्हतीस व्हय? मला वाटलं, तू बंगल्यावर गेलीस, तुला आता आमची लाज वाटती. म्हनून मीबी निरोप धाडला न्हाई."

मावशी खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्यांनी बाजूला ठेवलेलं सूप ओढून घेतलं आणि नाचणी निवडायला लागल्या. इतक्या भरभर निवडत होत्या की खडे कुठले आणि दाणे कुठले, त्यांचं त्यांना तरी दिसत होतं की नाही कोण जाणे. सर अनवाणी तसेच उभे होते. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. मग सुनेनं घोंगडी आणून टाकली आणि चहा ठेवला.

निघताना मावशी म्हणाल्या, "तुमी जा. मी आज ऱ्हाते हितं. त्यांना फोन करून सांगा, भाकरी डब्यात हाय."

उतारावर सरांनी माझा हात धरला होता. मी म्हटलं, "बोललात ते बरं झालं."

"मला वाटलं होतं, हलकं वाटेल," सर म्हणाले.

"नाही वाटत?"

"त्या म्हातारीला भांडण आठवतसुद्धा नाही. माझ्या एका खोट्यानं दोन बायका आयुष्यभर एकमेकींकडे गेल्या नाहीत. पाय गेला तो निदान सगळ्यांना दिसत होता."

सर निदान जाऊन उभे राहिले, हात जोडले. मी कुणापुढे हात जोडायचे? सिनेमा लावला म्हणून कुणी कुणाची माफी मागत नाही. सरांना मी एकदा सांगितलं, की त्या दिवशी मी तुमचा चेहरा बघत होते. ते म्हणाले, "माहीत आहे मला. मी तुमच्याकडेच बघून बंद करा म्हणालो." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मला ते बोलल्यापासून जास्तच अपराधी वाटतं.

मावशी आता वाडीवर जाऊन-येऊन असतात. या पावसाळ्यात भाताच्या लावणीला जावेच्या शेतात उभ्या होत्या. म्हातारी बांधावर इरलं घेऊन बसून सगळ्यांना सूचना करत होती, असं आबांनी फोनवर सांगितलं. सर परत मळवलीला जायला लागले. आबांनीच तसा हट्ट धरला, आणि मावशींनी मोडता घातला नाही. पण पाट दिला जात नाही. चहा येतो, तो आबा आत जाऊन लंगडत आणतात. मावशी समोर येत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी सरांबरोबर गेले होते. सर पेपर वाचत होते, आबा ऐकत होते. मावशी वाळत घातलेले पाहुण्यांचे टॉवेल काढायला बाहेर आल्या. दोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "गुरुजी, बाईंना ठावं हुतं का? त्या दिवशी काय झालं त्ये?"

सरांनी पेपर खाली ठेवला. "नाही. दगड उडाला ते माहीत होतं. तो त्याच दिवशी उडाला हे मी कधी सांगितलं नाही."

मावशींनी टॉवेलची घडी घातली, दुसरा काढला, त्याची घातली.

"कशा हुत्या सभावानं?"

सर सांगायला लागले. बाईंना गाणं यायचं, त्या रागावल्या की स्वयंपाकघरातली भांडी लावायला घ्यायच्या, शाळेच्या मुलांना घरी बोलावून जेवू घालायच्या. ते बराच वेळ बोलत होते. मावशी टॉवेल छातीशी धरून दोरीपाशीच उभ्या होत्या. सगळे टॉवेल काढून झाले होते, तरी उभ्या होत्या.